बोटाने टॅली, बोटाने कोरेल: ऑफिसचा कॉम्प्युटर टॅबवर चालवायचा तर काय निवडावे

डिचोलीत माझ्या मावसभावाचे हार्डवेअरचे दुकान आहे. चवथीला आम्ही सगळे वाळपईकडच्या मूळ घरी जमतो. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून होत नाही तोच त्याचा फोन वाजायला लागतो. कुणाला बिल हवे असते, कुणाला आपली उधारी किती ते कळायला हवे असते. टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि दुकान कुलपात. यंदा तो मला म्हणाला, "ताई, एक चांगला टॅब घेऊन टाकतो. त्यावर दुकानाचा कॉम्प्युटर दिसेल ना? मग काम होईल ना?"

दिसेल, हे मी तिथल्या तिथे सांगितले. काम होईल का, हे सांगायला मात्र मला त्याच्याशी दोन संध्याकाळ बोलावे लागले. मी फोंड्यात राहते आणि आसपासच्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. त्यांत हिशेबनीस आहेत, छापखाने आहेत, घरांचे नकाशे काढणारे सिव्हिल इंजिनिअर आहेत. हाच प्रश्न मला या तिघांकडूनही येतो, आणि तिघांना मी वेगवेगळे उत्तर देते.

बहुतेक जण सुरुवात टॅबपासून करतात. कुठल्या कंपनीचा, रॅम किती, प्रोसेसर कुठला? या कामात त्याला फारसा अर्थ नाही. प्रोग्रॅम दूरच्या कॉम्प्युटरवरच चालतो. टॅबवर येते ते त्याच्या पडद्याचे चित्र, आणि उलट दिशेने जातो तो तुमच्या बोटाचा स्पर्श. मधल्या किमतीचा टॅबसुद्धा हे चित्र आरामात दाखवतो. अडचण चित्र येण्यात नसते, बोट जाण्यात असते.

थेट स्पर्श की ट्रॅकपॅड

थोडा हिशेब करू. १०.१ इंची टॅबच्या पडद्याची रुंदी साधारण २१७ मिलिमीटर असते. ऑफिसच्या मॉनिटरचा १९२० ठिपक्यांचा डेस्कटॉप त्यात पूर्ण बसवला, तर एक ठिपका सुमारे ०.११ मिलिमीटरचा होतो. जुन्या पद्धतीच्या टूलबारवर १६ ठिपक्यांची चिन्हे असतात. ती झाली १.८ मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. बोटाने दाबायचे बटण किमान ४४ पॉइंटचे असावे असे ॲपल आपल्या ॲप बनवणाऱ्यांना सांगते. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे, म्हणजे साडेसात मिलिमीटरच्या पुढे. त्याच्या चौथ्या हिश्शाएवढ्या चिन्हावर बोट टेकवायचे, तर शेजारची दोन चिन्हेही दाबली जाणारच.

यावर दोन वाटा आहेत आणि जवळजवळ प्रत्येक रिमोट ॲपमध्ये, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर दाखवणाऱ्या ॲपमध्ये, दोन्ही मिळतात. पहिली थेट स्पर्शाची: जिथे बोट, तिथे क्लिक. दुसरी ट्रॅकपॅडची: पडद्यावर बाण दिसतो आणि बोट कुठेही फिरवले तरी तो लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडसारखा सरकतो. एका बोटाची टिचकी म्हणजे साधा क्लिक, दोन बोटांची म्हणजे राइट क्लिक. मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये आणि क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये हे असेच आहे.

नवीन माणूस हमखास थेट स्पर्श निवडतो, कारण मोबाइलची सवय तीच असते. माझे मत याच्या बरोबर उलटे आहे. डेस्कटॉपसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला ट्रॅकपॅड मोडच लावा. बाणाचे टोक एका ठिपक्याएवढे असते म्हणून नेम लागतो, हे एक कारण झाले. त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. माउसचा बाण क्लिक न करता नुसता एखाद्या जागेवर नेता येतो. बोटाला ते जमत नाही. ते एक तर पडद्यावर टेकलेले असते, नाही तर पडद्यापासून दूर असते.

नकाशे काढायच्या ऑटोकॅडवर काम करणाऱ्याला हे लगेच पटते. भिंतीची रेघ दुसऱ्या रेघेच्या अचूक टोकाला जोडायची, तर बाण जवळ नेल्यावर तिथे लहान चौकोन उमटतो. तो दिसला की क्लिक करायचे. थेट स्पर्शात हा चौकोन आधी दिसतच नाही. बोट टेकले, की रेघ कुठेतरी जोडली गेलेली असते. नकाशात अर्ध्या इंचाची चूक तेव्हा कळत नाही, ती पुढे गवंड्याच्या हाती गेल्यावर कळते. साखळी शहरातल्या एका इंजिनिअरला मी म्हणूनच सांगितले, की साइटवर टॅबने नकाशा बघा, मापे वाचा, मालकाला दाखवा, पण रेघ ओढू नका. ओढायचीच असेल तर बॅगेत माउस ठेवा. ऑटोकॅडमध्ये चाक फिरवून जवळ-दूर करायचे आणि चाक दाबून नकाशा सरकवायचा असतो, म्हणजे तीन बटणांचा खरा माउसच लागतो.

छापखान्यात वापरतात त्या कोरेलड्रॉमध्ये आणखी एक पेच आहे. रंगांच्या पट्टीवर डावा क्लिक केला की आतला रंग भरतो, उजवा केला की कडेच्या रेघेला रंग लागतो, आणि बटण दाबून धरले की त्या रंगाच्या छटा उघडतात. एकाच चौकोनावर तीन कामे. थेट स्पर्शात राइट क्लिकसाठी बोट दाबून धरावे लागते. मग प्रोग्रॅमला काय अभिप्रेत आहे आणि तुम्हाला काय, याचा मेळ बसत नाही. ट्रॅकपॅड मोडमध्ये दोन बोटांची टिचकी हा प्रश्न सोडवते.

थेट स्पर्श कुठे चांगला? लांब पीडीएफ वाचायला, एक्सेलची शीट खाली-वर सरकवायला, फोटो बघायला. शिवाय दूरचा कॉम्प्युटर विंडोज ८ किंवा त्यापुढचा असेल आणि तुम्ही आरडीपीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने, जोडले असाल, तर दोन बोटांची चिमट खुद्द प्रोग्रॅमपर्यंत पोचते आणि प्रोग्रॅम स्वतः मोठे करून दाखवतो. बाकी बऱ्याच ॲप्समध्ये चिमटीने फक्त चित्र मोठे होते, भिंग धरल्यासारखे. दोन्ही सारखेच दिसते, पण दुसऱ्यात अक्षरे फाटतात आणि उरलेला पडदा नजरेआड जातो.

कशाने जोडायचे

ॲप्सची नावे पुष्कळ असली तरी मुळात प्रकार तीन-चारच आहेत.

पहिला आरशाचा. ऑफिसच्या मॉनिटरवर जे आहे तेच टॅबवर. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, व्हीएनसी ही सगळी या घरातली. पंधरा मिनिटांत चालू होतात, विंडोजच्या साध्या होम आवृत्तीवरही चालतात, आणि व्हीएनसी सोडली तर राउटरमध्ये काही उघडावे लागत नाही. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर फुकट आहेत ते घरगुती वापरासाठी. दुकानासाठी परवाना घ्यावा लागतो, हे बरेच जण विसरतात. आरशाची अडचण पडद्याच्या आकाराची. ऑफिसचा मॉनिटर रुंद १६:९, आयपॅड बहुतेक ४:३ च्या जवळचा. म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधे आणखी बारीक झालेली अक्षरे. ऑफिसच्या मॉनिटरचे रिझोल्यूशन १२८० ठिपक्यांवर आणले तर चिन्हे २.७ मिलिमीटरची होतात, पण मग तिथे बसलेल्या माणसालाही सगळे मोठमोठे दिसते. आणि तुम्ही घरून काय करता आहात, हे ऑफिसात जाणाऱ्या-येणाऱ्याला मॉनिटरवर दिसत राहते.

दुसरा विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी. यात आरसा नाही. तुमच्या टॅबच्या मापाचा वेगळा पडदा तयार होतो आणि अक्षरांचा आकार दीडपट, दुप्पट असा निवडता येतो. ऑफिसचा मॉनिटर तेवढा वेळ कुलूपबंद दिसतो. बोटाने काम करणाऱ्यासाठी मला हाच सर्वांत सरस वाटतो, आणि त्याचे मुख्य कारण आकार निवडण्याची ही सोय. दुसरे कारण गोव्यात राहणाऱ्याला चटकन कळेल. रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत बसले, की नदीच्या मध्यावर कधी कधी रेंज तुटते. आरडीपीत जोडणी तुटली तरी तिकडे तुमचे काम होते तसेच उघडे राहते. पलीकडे उतरून पुन्हा जोडले, की अर्धवट भरलेले व्हाउचर अर्धवटच समोर येते. अट एवढीच, की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजची प्रो आवृत्ती हवी. होमला बाहेरून असे जोडता येत नाही. आणि प्रोवर एका वेळी एकच जण बसू शकतो. तुम्ही घरून शिरलात की दुकानातला मुलगा बाहेर.

तिसरा प्रकार फक्त एक प्रोग्रॅम पाठवण्याचा. पूर्ण डेस्कटॉप न येता नुसती टॅलीची खिडकी टॅबवर उघडते, जणू ते टॅबचेच ॲप आहे. विंडोज सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टने याला रिमोटॲप म्हटले आहे, सिट्रिक्स ही कंपनीही हेच करते. टास्कबार नाही, स्टार्ट मेनू नाही, त्यामुळे लहान पडद्यावर जागा वाचते आणि माणसे भलतीकडे बोट लावत नाहीत. पण त्यासाठी विंडोज सर्व्हर आणि प्रत्येक माणसामागे परवाना लागतो. पाच-सहा जण एकाच वेळी बाहेरून काम करणार असतील, तर वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्याने हे जरूर करावे. डिचोलीच्या एका दुकानाला हा खर्च पेलण्याची गरज नाही. आणि खिडकी एकटी आली म्हणून तिच्यातली बटणे मोठी होत नाहीत, हे विकणारा सांगत नाही.

चौथा, भाड्याचा कॉम्प्युटर. विंडोज ३६५ हे २०२१ पासून मिळते, इतरांच्याही अशा सेवा आहेत. याचा विचार गोव्यात का करावा, ते विजेच्या भागात सांगते.

मराठी टायपिंग

हा भाग इंग्रजीतल्या तुलनांमध्ये कधीच सापडत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच होते.

म्हापशाच्या एका छापखान्यात जत्रांच्या पत्रिका, नाटकांची हँडबिले आणि लग्नपत्रिका होतात. सगळा मजकूर कोरेलमध्ये, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरने. तिथल्या बाईंनी घरून टॅबवर एक नाव दुरुस्त करायला घेतले. टॅबच्या मराठी कीबोर्डवर नाव टाइप केले, आणि तिकडे पडद्यावर चौकोन उमटले. टॅब बिघडला नव्हता. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत तुम्ही कळ दाबता आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरमधले सॉफ्टवेअर त्या कळेचे आपल्या फाँटमधले अक्षर बनवते. टॅबवरचा कीबोर्ड कळ पाठवतच नाही. तो तयार युनिकोड अक्षर पाठवतो, म्हणजे आज मोबाइलवर आणि इंटरनेटवर चालणारे अक्षर. त्या अक्षराचे काय करायचे, हे जुन्या फाँटला ठाऊक नसते.

यावर साधा उपाय आहे. टॅबला ब्लूटूथचा खरा कीबोर्ड जोडा आणि टॅबची भाषा इंग्रजीवर ठेवा. आरडीपीत खऱ्या कीबोर्डची कळ सहसा कळ म्हणूनच पलीकडे जाते, म्हणून तिकडची श्रीलिपी किंवा इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी जणू तुम्ही ऑफिसात बसलात तशीच चालते. आरशाच्या ॲप्समध्ये हे दर वेळी जमेलच असे नाही. छापखान्यासाठी मी आरडीपी सुचवते ते मुख्यतः यामुळे.

तुमचे काम युनिकोडमध्ये असेल, म्हणजे मंगल किंवा निर्मलासारख्या फाँटमध्ये, तर पडद्यावरच्या कीबोर्डनेही चालते. पण बोट घासून शब्द लिहिण्याची सवय असेल, तर ती रिमोटमध्ये सोडा. कीबोर्ड शब्द मागाहून बदलतो आणि तिकडे जोडाक्षरांचा गोंधळ होतो. मोठा परिच्छेद असेल तर तो टॅबच्याच नोंदवहीत लिहून कॉपी-पेस्ट करणे सर्वांत निर्धोक.

छापखानेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, ती मनापासून सांगते: टॅबवर बघून रंग कधीच पास करू नका. चित्र पाठवताना ते दाबून लहान केले जाते, आणि त्यात रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा जास्त कापला जातो. काळ्यावर लाल बारीक अक्षरे असतील तर ती तिकडे स्वच्छ असूनही इकडे फुटलेली दिसतात. आरडीपीच्या १० या आवृत्तीत पूर्ण रंग पाठवण्याची सोय आली, पण ती दोन्ही बाजूंना जमायला हवी, आणि टॅबचा पडदा म्हणजे छापलेला कागद नव्हे. शुद्धलेखन तपासा, तारीख-वार तपासा, यजमानाचे नाव तपासा. रंग ऑफिसातच.

टॅलीवाल्यांचे काय

टॅली मुळात कीबोर्डवर चालवायचा प्रोग्रॅम. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. बोटांना ही वाट पाठ झालेली असते. टॅबच्या साध्या कीबोर्डवर एफची ओळच नसते. मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये कंट्रोल, आल्ट आणि एफच्या कळांची जादा ओळ मिळते. सगळ्याच ॲप्समध्ये ती नसते, म्हणून ॲप निवडण्याआधी हे एक नक्की बघा. टॅलीप्राइमच्या उजव्या बाजूला याच कळांची बटणेही असतात, ती बोटाने दाबता येतात. त्यामुळे खाते उघडणे, उधारी बघणे, बिल पीडीएफ करून पाठवणे इतके टॅबवर सहज होते.

नोंदी करणे मात्र वेगळे काम आहे. पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा झाकला जातो, आणि व्हाउचरमध्ये खालची बेरीज दिसत नाही. एक-दोन नोंदी कशाबशा होतील. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे आहे आणि साठ खरेदीची बिले राहिली आहेत, अशा वेळी टॅब घेऊन बसू नका. आणि फक्त रिपोर्टच बघायचे असतील, तर पडद्याचे चित्र टॅबवर आणण्याची गरजही नाही. टॅलीने फोनच्या ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघण्याची सोय दिली आहे. सबस्क्रिप्शन चालू हवे आणि दुकानात टॅली उघडी हवी.

कुठले यंत्र

फोन फक्त बघायला. सहा इंचात डेस्कटॉप चालवणे डोळ्यांवर अन्याय आहे. फोन टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडून वापरता येत असेल, सॅमसंगच्या डेक्ससारखा, तर गोष्ट वेगळी. अँड्रॉइड टॅबला माउस आणि कीबोर्ड बऱ्याच वर्षांपासून सरळ जोडता येतात. आयपॅडला माउस २०२० मध्ये १३.४ या आवृत्तीपासून नीट जमू लागला, म्हणून जुना आयपॅड कुणी स्वस्तात देत असेल तर आधी आवृत्ती बघा. टचस्क्रीन असलेला विंडोजचा लॅपटॉप सगळ्यात कमी कटकटीचा, कारण कीबोर्ड तोच, शॉर्टकट तेच, श्रीलिपीही तशीच. ज्याला रोज दोन तासांहून जास्त काम करायचे आहे, त्याला मी टॅब घेऊच देत नाही.

लाईट आणि लाइन

आधी उशिराचे, म्हणजे बोट हलवल्यावर बाण किती उशिरा हलतो त्याचे. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. कॉम्प्युटर फोंड्यात असो की पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, नुसत्या अंतराने फरक पडतो तो थोड्याच मिलिसेकंदांचा. अमेरिकेतला सर्व्हर असेल तर जाऊन-येऊन शंभराच्या पुढेच जातात, आणि मग बाण बोटाच्या मागे रेंगाळतो. भाड्याचा कॉम्प्युटर घेताना तो भारतातल्या केंद्रात आहे ना, हे विचारा. मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र पुण्यातच आहे.

आता लाईटचे. मे महिन्याच्या शेवटी गडगडाट सुरू झाला, की आपल्याकडे झाडाची फांदी तारेवर पडणार आणि लाईट जाणार. गेल्या वर्षी मी स्वतः बेळगावला होते, फोंड्यात लाईट गेली, परत आली, आणि ऑफिसचा कॉम्प्युटर बंदच राहिला. बटण दाबायला माणूस नव्हता. दोन दिवस हातात उत्तम टॅब असून उपयोग शून्य. त्यानंतर मी प्रत्येक ऑफिसात तीन गोष्टी करते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आली की कॉम्प्युटर आपोआप चालू होईल असे ठेवते. विंडोजची झोप बंद करते. आणि यूपीएस कॉम्प्युटरबरोबर राउटरला आणि फायबरच्या डब्यालाही देते. त्या डब्याकडे कुणाचे लक्ष नसते, पण तो बंद पडला की कॉम्प्युटर चालू असूनही पोचता येत नाही. एवढे करूनही पावसाळ्यात वारंवार अडत असेल, तर भाड्याच्या कॉम्प्युटरचा महिन्याचा खर्च मला रास्त वाटतो.

सुरक्षिततेबद्दल दोनच गोष्टी, पण त्यात तडजोड नको. आरडीपीचे ३३८९ हे दार राउटरमधून थेट इंटरनेटला उघडू नका, आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा खाजगी बंद रस्ता, घ्या. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची खोट सापडली, ती अशाच उघड्या दारांतून आत शिरण्याची होती. आणि फोनवर कुणी अनोळखी माणूस रिमोट ॲप टाकायला सांगून नंबर मागत असेल, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते.

मावसभावाला मी टॅब आत्ताच घेऊ दिला नाही. त्याच्या आहे त्या फोनला ओटीजीच्या लहान केबलने जुना माउस जोडला, क्रोम रिमोट डेस्कटॉप टाकले आणि सांगितले: आठ दिवस दुकान बंद झाल्यावर घरून तीन कामे करून बघ. एक उधारी काढ, एक बिल पाठव, दहा खरेद्या नोंदव. पहिली दोन त्याला जमली. तिसऱ्या कामाला चौथ्या बिलावर त्याने फोन बाजूला ठेवला. आता तो विंडोज प्रो आणि एक ब्लूटूथ कीबोर्ड घेतो आहे, आणि टॅबचे पैसे राउटरच्या यूपीएसला लावणार आहे.